दुसरा पुरवठादार: एएमडी इंटेलच्या पुढे कशी गेली

१९८० च्या सुमाराला आयबीएमसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांचा एक साधा दंडक होता. ज्या भागावाचून आपलं यंत्र अडून बसेल, तो भाग एकाच कंपनीकडून घ्यायचा नाही. उद्या तिच्या कारखान्याला आग लागली किंवा तिने अचानक भाव चढवले तर करायचं काय? म्हणून अगदी तोच भाग बनवणारी दुसरी कंपनी हाताशी हवी. आयबीएमने आपल्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी इंटेलचा ८०८८ प्रोसेसर निवडला, तेव्हा इंटेललाही ही अट मान्य करावी लागली. तो कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आला आणि १९८२ मध्ये इंटेलने एएमडीशी करार केला. आराखडे आमचे, पण चिप तुम्हीही बनवा, असा त्याचा मथितार्थ.

गिऱ्हाइकाला एकावर विसंबून राहायचं नव्हतं म्हणून एएमडीला या धंद्यात पाय ठेवायला जागा मिळाली. पुढच्या चाळीस वर्षांचं भांडण समजून घ्यायचं तर हे ‘दुसरं’ असणं ध्यानात ठेवावं लागतं.

तसं पाहिलं तर दोन्ही कंपन्या एकाच घरातून निघालेल्या. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर सोडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. त्याच फेअरचाइल्डमधला मार्केटिंगचा माणूस जेरी सँडर्स सात जणांना सोबत घेऊन बाहेर पडला आणि १ मे १९६९ रोजी एएमडी सुरू झाली. नॉइस आणि मूर हे नावाजलेले शास्त्रज्ञ, त्यांच्या शब्दावर भांडवल चटकन उभं राहिलं. सँडर्सला मात्र पैसा जमवताना नाकीनऊ आले.

आता, या धंद्यात दोनच कंपन्या का? तिसरी का उतरत नाही? प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा एक ठरलेला संच असतो. हे दोन आकडे मिळव, उत्तर मेमरीत अमुक जागी ठेव, आकडा शून्य असेल तर तमुक आज्ञेवर जा, अशा बारीक बारीक आज्ञा. इंटेलच्या घराण्यातल्या संचाला एक्स८६ म्हणतात. विंडोजवर चालणारा प्रोग्राम शेवटी या आज्ञांमध्येच उतरवलेला असतो. तेव्हा तुम्ही दुप्पट वेगाचा प्रोसेसर बनवलात, पण त्याला एक्स८६ येत नसेल, तर वर्षानुवर्षं साठलेलं सगळं सॉफ्टवेअर त्याच्यासाठी परकं. आणि एक्स८६ चिप बनवायची तर इंटेलच्या पेटंटचा परवाना लागतो. एएमडीकडे तो १९७६ आणि १९८२ च्या करारांतून आला. व्हिया नावाची आणखी एक छोटी कंपनी या वर्तुळात आहे, पण मोठ्या बाजारात तिचा प्रभाव नाही.

इंटेलला या कराराचा पस्तावा व्हायला वेळ लागला नाही. १९८५ मध्ये ३८६ हा नवा प्रोसेसर आला आणि त्याचे आराखडे द्यायला इंटेलने चक्क नकार दिला. एएमडी १९८७ मध्ये लवादाकडे गेली, पण निकालाची वाट बघत बसली नाही. तिच्या अभियंत्यांनी ३८६ कसा वागतो याचा माग काढत स्वतःचा ३८६ घडवला. मार्च १९९१ मध्ये तो विकायला आला तेव्हा इंटेलचा ३८६ सेकंदाला ३.३ कोटी ठोक्यांवर, म्हणजे ३३ मेगाहर्ट्झवर होता, आणि एएमडीचा ४० वर. कज्जा १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात एएमडीच्या बाजूने लागला आणि १९९५ मध्ये दोघांनी तडजोड केली. याच भांडणात ‘३८६’ हा आकडा कुणाच्या मालकीचं नाव होऊ शकत नाही असंही ठरलं. इंटेलने पुढच्या प्रोसेसरला ५८६ न म्हणता ‘पेंटियम’ असं नाव दिलं ते त्यामुळेच.

नक्कल करणारी म्हणून हिणवली गेलेली ही कंपनी पहिल्यांदा खरोखर पुढे गेली ती २००० नंतर. अ‍ॅथलॉन प्रोसेसरने ६ मार्च २००० रोजी एक गिगाहर्ट्झचा टप्पा इंटेलच्या दोन दिवस आधी गाठला, पण त्याचा गाजावाजा जास्त आणि अर्थ कमी. महत्त्वाची घटना घडली २००३ मध्ये.

तोवरचे एक्स८६ प्रोसेसर ३२ बिटांचे होते. एका प्रोग्रामला साधारण चार गिगाबाइटपलीकडची मेमरी त्यांच्यातून वापरता येत नसे आणि मोठ्या सर्व्हरना ती अपुरी पडू लागली होती. ६४ बिटांकडे जायला हवं यावर सगळ्यांचं एकमत होतं. इंटेलने एचपीबरोबर आयटेनियम नावाचा पूर्णपणे नवा संच तयार केला आणि २००१ मध्ये बाजारात आणला. जुने प्रोग्राम त्यावर रडतखडत चालायचे. शिवाय नवा संच म्हणजे जुन्या परवान्यांच्या कटकटीतूनही सुटका, हा फायदा इंटेलला दिसला नसेल असं मला तरी वाटत नाही. एएमडीला असं नवं जग उभारणं परवडणारं नव्हतं. तिने जुन्याच एक्स८६ ला ६४ बिटांपर्यंत वाढवलं. एप्रिल २००३ मध्ये आलेल्या ऑप्टेरॉनवर जुना प्रोग्राम होता तसाच वेगात चालायचा आणि नवा लिहिला तर तो ६४ बिटांत. गिऱ्हाइकांनी कौल दिला आणि २००४ मध्ये इंटेललाच एएमडीचा संच उचलावा लागला. आजही लिनक्सच्या कित्येक डाउनलोड फाइलींच्या नावात ‘एएमडी६४’ असं असतं. ती फाइल इंटेलच्या प्रोसेसरवर चालवायची असली तरीही!

मग चांगला प्रोसेसर असूनही एएमडीने बाजार का मारला नाही? इथे सवलतीचा हिशेब समजून घ्यायला हवा, आणि तो भल्याभल्यांना चकवतो. समजा एका कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला १०० प्रोसेसर हवेत, भाव प्रत्येकी १०० डॉलर. इंटेल म्हणते, जवळपास सगळे आमच्याकडून घ्या, दहा टक्के सवलत देतो. एकूण खर्च ९,००० डॉलर. आता त्या कंपनीला २० प्रोसेसर एएमडीचे घ्यावेसे वाटले. उरलेले ८० तिला इंटेलकडूनच घ्यावे लागतात, कारण एएमडीचे कारखाने तेवढा माल देऊच शकत नाहीत. पण अट मोडली म्हणून सवलत गेली आणि त्या ८० चे ८,००० डॉलर झाले. खर्च पूर्वीइतकाच ठेवायचा तर एएमडीचे २० प्रोसेसर १,००० डॉलरमध्ये यायला हवेत, म्हणजे प्रत्येकी ५० डॉलरला. इंटेलची दहा टक्के सवलत गाठायला एएमडीने निम्मी किंमत सोडायची! आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. पण गणित हेच. एएमडीने २००५ मध्ये इंटेलवर दावा ठोकला. आम्ही दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले तेव्हा एचपीने त्यातले १,६०,०००च घेतले, असं त्यात म्हटलं होतं. फुकटसुद्धा महाग पडतं ते असं.

युरोपियन आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला. त्याच वर्षी इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन आपसातलं भांडण मिटवलं. युरोपातला खटला पुढे कितीतरी वर्षं चालला. सवलतींचा भाग न्यायालयाने अखेर रद्द केला. एएमडीची चिप असलेले कॉम्प्युटर उशिरा आणावेत म्हणून उत्पादकांना पैसे दिल्याचा भाग मात्र टिकला आणि त्याबद्दल नव्याने दंड लागला. चांगल्या वर्षांत गमावलेली बाजारपेठ तेवढ्याने परत आली नाही ते वेगळंच.

तोपर्यंत एएमडीने स्वतःच्या पायावरही धोंडा पाडून घेतला होता. २००६ मध्ये तिने ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय ५४० कोटी डॉलरना विकत घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात इंटेलने कोअर २ आणून वेगातली आघाडी हिसकावली. कर्ज डोक्यावर, विक्री उतरलेली. चिपचा एक कारखाना, ज्याला या धंद्यात फॅब म्हणतात, उभारायला शेकडो कोटी डॉलर लागतात, आणि दर दोनेक वर्षांनी त्यातली यंत्रं बदलावी लागतात. २००९ मध्ये एएमडीने आपले फॅब अबू धाबीच्या गुंतवणूकदारांच्या मदतीने वेगळे काढले. त्यांची ग्लोबलफाउंड्रीज नावाची कंपनी झाली. मर्द कंपनीकडे स्वतःचे फॅब असतात, अशा अर्थाचं सँडर्स म्हणायचा, असं या धंद्यात सांगितलं जातं. त्याच्या कंपनीकडे आता एकही उरला नव्हता.

मग २०११ मध्ये बुलडोझर आला. त्यात दोन-दोन कोअरच्या (कोअर म्हणजे एकाच चिपवरचा, आज्ञा स्वतंत्रपणे उरकणारा एकेक प्रोसेसर) जोड्या होत्या आणि दशांश आकडेमोड करणारा विभाग जोडीत मिळून एक. जाहिरात आठ कोअरची, काम मात्र अनेकदा त्याहून बरंच कमी. हे आठ कोअर म्हणायचे का, यावर अमेरिकेत ग्राहकांनी खटला भरला आणि एएमडीने २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २०१५ मध्ये कंपनीचा शेअर दोन डॉलरच्याही खाली गेला. या दुष्काळात धुगधुगी राहिली ती खेळांच्या यंत्रांमुळे: २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत एएमडीच्या चिप होत्या. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही घरचं असणारी कंपनी म्हणून ते काम तिला मिळालं, म्हणजे एटीआयचा महागडा सौदा अगदीच वाया गेला नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये लिसा सू प्रमुख झाल्या. एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या, आयबीएममध्ये चिपनिर्मितीत मुरलेल्या. नव्या प्रोसेसरचं काम त्यांच्या आधीच सुरू झालं होतं. त्याचं नाव झेन. प्रोसेसरचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: सेकंदाला किती ठोके पडतात, आणि एका ठोक्यात किती आज्ञा उरकतात. पहिली गोष्ट डब्यावर छापलेली असते, दुसरी नसते. झेनच्या चमूने दुसरी गोष्ट ४० टक्क्यांनी वाढवण्याचं ध्येय ठेवलं होतं. हाती आले ५२ टक्के. मार्च २०१७ मध्ये आठ कोअरचा रायझन ४९९ डॉलरला आला, तेव्हा इंटेलच्या आठ कोअरच्या प्रोसेसरला हजारावर डॉलर मोजावे लागत होते.

पण झेनमधली खरी युक्ती वेगात नाही, तर तुकडे करण्यात आहे. आणि माझ्या मते सगळ्या कहाणीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

चिप बनते ती सिलिकॉनच्या गोल चकतीवर. तिला वेफर म्हणतात आणि तिचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. तिच्यावर शेजारी शेजारी चौकोनी चिप कोरायच्या आणि शेवटी कापून सुट्या करायच्या. कितीही स्वच्छता पाळली तरी वेफरवर कुठे ना कुठे बारीक दोष राहतातच. पांढऱ्या कागदावर शाईचे शिंतोडे उडालेत असं समजा. कागदाचे मोठे चौकोन पाडले तर बहुतेकांवर एखादा तरी शिंतोडा येईल. लहान पाडले तर पुष्कळसे कोरे सुटतील.

आकड्यांत बघू. दर दहा चौरस सेंटिमीटरला सरासरी एक दोष धरा. आठ चौरस सेंटिमीटरची मोठी चिप केली तर शंभरातल्या जेमतेम ४५ निर्दोष निघतात. दोन चौरस सेंटिमीटरची लहान चिप केली तर ८२. पण थांबा, इथे एक फसगत आहे. मोठ्या चिपचं काम करायला लहान चार लागणार. डोळे मिटून चार उचलल्या तर चारही चांगल्या निघण्याची शक्यता किती? ०.८२ ला स्वतःने चारदा गुणा, पुन्हा ४५ टक्केच! मग कमावलं काय? कमावलं ते तपासण्यात. लहान चिप जोडण्याआधीच एकेक करून तपासता येते. वाईट १८ बाजूला फेकायच्या आणि चांगल्या ८२ मधूनच चार-चार जोडायच्या. मोठ्या चिपच्या एका कोपऱ्यात दोष निघाला तर चांगले तीन कोपरेही बहुधा त्याच्याबरोबर कचऱ्यात जातात, किंवा काही कोअर बंद करून ती चिप स्वस्तात विकावी लागते. (काही स्वस्त प्रोसेसर म्हणजे महागड्यांची अशी अधू भावंडंच असतात.)

एएमडीने २०१७ मध्ये ३२ कोअरचा एपिक नावाचा सर्व्हर प्रोसेसर चार तुकड्यांचा केला. चौघांचं मिळून क्षेत्रफळ ८५२ चौरस मिलिमीटर. तोच एकसंध केला असता तर ७७७ मध्ये बसला असता. म्हणजे सिलिकॉन दहा टक्के जास्त लागलं, कारण तुकड्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी जादा वायरिंग लागतं. तरी कंपनीच्याच हिशेबाने खर्च ४१ टक्क्यांनी कमी झाला. इंटेलने त्याच वर्षी आपल्या सादरीकरणात डेस्कटॉपच्या चार चिप ‘गोंदाने चिकटवल्या’ म्हणून या प्रोसेसरची टर उडवली. आरोप तांत्रिकदृष्ट्या अगदीच खोटा नव्हता. एका तुकड्यातल्या कोअरला दुसऱ्या तुकड्याला जोडलेली मेमरी हवी असली की वाट लांब पडायची आणि काही कामं त्याने रेंगाळायची.

२०१९ मध्ये एएमडीने हा दोषही बराचसा काढला. झाकण उचकटलेल्या रायझन ३००० चा फोटो इंटरनेटवर सहज सापडेल, तो बघा. हिरव्या पाटीवर एक मोठा आयत आणि त्याच्या शेजारी एक किंवा दोन लहान. लहान तुकड्यात आठ कोअर, आकार सुमारे ७४ चौरस मिलिमीटर, तैवानच्या टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटर या तेव्हाच्या नव्याकोऱ्या, महाग पद्धतीने केलेला. (हा आकडा जितका लहान, तितके चिपवरचे ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक विजेचे स्विच, दाटीने बसतात.) मोठा तुकडा मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारा. हे काम करणारे भाग लहान केल्याने फारसा फायदा होत नाही, म्हणून तो ग्लोबलफाउंड्रीजच्या जुन्या, स्वस्त पद्धतीने केलेला. महाग जागा फक्त जिथे उपयोग आहे तिथे. शिवाय तोच लहान तुकडा दोन लावले की घरचा १६ कोअरचा प्रोसेसर, आणि आठ लावले की सर्व्हरचा ६४ कोअरचा. एकच नकाशा आखायचा आणि तो सगळ्या दुकानांत विकायचा. हाताशी अभियंते कमी आणि पैसे त्याहून कमी अशा कंपनीला सुचेल अशीच ही युक्ती आहे.

या सगळ्यात नशिबाचा वाटा किती? बराच. इंटेलची १० नॅनोमीटर पद्धत २०१६ च्या सुमाराला यायची होती. त्याच जागेत २.७ पट ट्रान्झिस्टर बसवायचे, काही तारा तांब्याऐवजी कोबाल्टच्या करायच्या, जोडणीचे बिंदू थेट ट्रान्झिस्टरच्या माथ्यावर आणायचे, असे बरेच धाडसी बदल एकाच वेळी केले आणि चांगल्या चिप पुरेशा निघेनात. मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला २०१९ उजाडलं. त्यात इंटेलचे आराखडे तिच्याच फॅबच्या मापाने बेतलेले. १० साठी आखलेली चिप आधीच्या १४ नॅनोमीटरवर उतरवणं म्हणजे जवळजवळ नव्याने आखणं. परिणामी २०१५ मध्ये आलेल्या कोअरच्याच सुधारित आवृत्त्या डेस्कटॉपवर २०२० पर्यंत विकल्या गेल्या.

एएमडीवरही असाच प्रसंग आला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा नाद सोडला. स्वतःचे फॅब असते तर एएमडी तिथेच संपली असती. नव्हते, म्हणून तिने पुढच्या चिप टीएसएमसीकडे नेल्या. टीएसएमसीचे कारखाने जगभरातल्या मोबाइलच्या चिपवर पोसलेले. आयफोनसाठी चिप बनवायची संधी इंटेलने नाकारली होती, असं तिचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनीच पुढे सांगितलं. ते मोबाइलचे पैसे तैवानला गेले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कारखान्यांत एएमडीला जागा मिळाली. आकाराने मोठं असण्याचा इंटेलचा फायदा असा आडवाटेने तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या कामी आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एएमडीचं बाजारमूल्य इंटेलच्या पुढे गेलं. २०२४ च्या तिसऱ्या तिमाहीत डेटा सेंटरमधली तिची विक्री सुमारे ३५० कोटी डॉलर झाली आणि इंटेलची ३३० कोटी. एकूण प्रोसेसर मोजले तर आजही जास्त विकते ती इंटेलच, हे मात्र विसरायला नको. आणि गोंदाची टर उडवणारी इंटेल २०२३ च्या अखेरीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर तुकडे जोडूनच बनवते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर दोघींनी मिळून एक्स८६ चं भलं बघणारा सल्लागार गट स्थापन केला, कारण मोबाइलमध्ये रुळलेल्या आर्मच्या आज्ञासंचावरचे प्रोसेसर आता दोघींच्याही अंगणात शिरलेत.

एएमडी सध्या ज्या शर्यतीत धावते आहे तिथे समोर इंटेल नाही, एनव्हिडिया आहे. एआयसाठी लागणाऱ्या चिपमध्ये एनव्हिडिया खूप पुढे आहे. तिच्याभोवतीचा तट चिपचा कमी आणि क्युडा या तिच्या सॉफ्टवेअरचा जास्त. लोकांनी वर्षानुवर्षं प्रोग्राम त्यातच लिहिलेत. एक्स८६ सारखीच ही गोष्ट, फक्त यावेळी हातात परवाना नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने एएमडीशी करार केला: सहा गिगावॅट वीज खाईल इतक्या चिप टप्प्याटप्प्याने घ्यायच्या. एका पुरवठादारावर विसंबून राहायचं नाही हा आयबीएमचा दंडक पुन्हा कामाला आला, पण भाव बदलला होता. १९८२ मध्ये एएमडीला आराखडे आयते मिळाले होते. या वेळी ठरलेले टप्पे पार पडले तर एएमडीच आपल्या गिऱ्हाइकाला १६ कोटींपर्यंत शेअर देणार आहे, एक सेंटला एक या दराने.